मागचं चाक

तारामतीच्या सायकलचं मागचं चाक आऊट आहे, ही गोष्ट तिला सोडून साऱ्या रस्त्याला माहीत होती. तिला ती कळली मार्चातल्या एका मंगळवारी सकाळी, गावातल्या गोलाई बाजाराच्या अलीकडच्या वळणावर. मागून कुणीतरी घंटी न वाजवता नुसता घसा खाकरला आणि पाठोपाठ आवाज आला, "बाई, तुमचं मागलं चाक लई डुलून राहिलं." तिनं दचकून मागं पाहिलं, तशी सायकल सरळ कडेच्या खडीच्या ढिगाकडं निघाली. तिनं पाय टेकला. मागं उंच काळ्या सायकलीवर पन्नाशीतला एक माणूस होता. धोतर, पांढरी टोपी, कॅरिअरला डबा. तोही थांबला होता आणि बोललो ते चुकलंच अशा चेहऱ्यानं स्वतःच्या हँडलकडं बघत होता.

"कधीपासून डुलतंय?" तिनं विचारलं.

"संक्रांत झाली की, तवापासून."

"दोन महिने? मग आज सांगता होय?"

"बाईमाणसाला रस्त्यात कसं हटकावं," तो म्हणाला. "आज लईच डुललं म्हून बोललो. दोन-तीन तारा सैल झाल्यात बगा." आणि पायडलवर पाय ठेवून, दोन उड्या मारून तो सायकलवर बसला आणि मार्केट यार्डाच्या रस्त्यानं निघूनही गेला.

तारामती पुन्हा सायकलवर बसली खरी, पण आता ती सायकल चालवत नव्हती, सायकलच्या मागं काय चाललंय ते पाठीनं बघायचा प्रयत्न करत होती. सीटवर बसलं की पुढचं चाक दिसतं, आपले दोन हात दिसतात, पायांच्या मधून पळणारा रस्ता दिसतो. ज्या चाकावर आपला सारा भार असतो ते मात्र कधीच दिसत नाही. दोन महिने ती रोज सकाळी ताठ मानेनं, पदर खोचून, लातूरच्या रस्त्यांवरून कचेरीत जात होती. बायका सायकलवर फारशा दिसत नाहीत अशा गावात आपण बऱ्यापैकी दिसतो आहोत असंही तिला आतून वाटत होतं. आणि तेवढा सगळा वेळ मागून येणारे दूधवाले, शाळेच्या पोरी, डाळमिलच्या बायका, हा टोपीवाला माणूस, सगळे तिचं डुलणारं चाक बघत होते. तिला लाज वाटली नाही. वाटलं ते कुतूहल. लहानपणी एकदा आईनं वेणी घालताना सांगितलं होतं की तुझ्या मानेवर, केसांच्या आत, एक तीळ आहे. तेव्हा ती दोन दिवस मानेवर बोट फिरवत हिंडली होती. आपल्या अंगावर आहे, साऱ्यांना दिसू शकतं आणि आपल्याला कधीच दिसणार नाही, असं काहीतरी असू शकतं याचंच तिला केवढं नवल वाटलं होतं. तसंच आत्ता वाटत होतं, फक्त आता ती सव्वीस वर्षांची होती आणि कचेरीला उशीर होत होता.

जिल्हा होऊन चौथं वर्ष चालू होतं. रस्त्यावरच्या कचेऱ्यांच्या पाट्यांवर 'तालुका' पुसून 'जिल्हा' लिहिलेलं होतं आणि नवी अक्षरं जुन्यांपेक्षा ठळक असल्यानं प्रत्येक पाटी पहिल्याच शब्दाला जरा ओरडल्यासारखी वाचली जाई. जीपगाड्या वाढल्या होत्या, धूळ वाढली होती, पाणी तेवढं वाढलं नव्हतं. दोन पावसाळे कोरडे गेले होते. नळ चौथ्या दिवशी येई, कधी पाचव्या. चौकाचौकांत घागरींच्या रांगा माणसांशिवायच उभ्या असत. नव्या कचेरीला माणसं कमी पडली म्हणून नांदेडहून काही कारकून पाठवले होते, त्यांत तारामती होती. मूळची हदगावकडच्या एका खेड्यातली. बाप ग्यानोबा गावातच होता, आई नागुबाई मागच्या वर्षी गेली होती. सायकल ती नांदेडला कॉलेजात असताना शिकली, गोदावरीच्या बाजूच्या मोकळ्या रस्त्यावर, भल्या पहाटे. मैत्रीण सिंधु मागून कॅरिअर धरून पळत असे आणि ओरडत असे, "धरलंय, धरलंय, तू पुढं बघ." एकदा बरंच अंतर गेल्यावर तिचा आवाज लांबून आला, तेव्हा तारामतीला कळलं की कॅरिअर कधीचंच सुटलं आहे. ती त्याच क्षणी पडली. माहीत नव्हतं तोवर ती छान चालली होती. हे तिला आज, गोलाईला वळसा घालताना, इतक्या वर्षांनी पुन्हा आठवलं.

संध्याकाळी ती सायकल घेऊन सिद्धेश्वर मिस्त्रीच्या दुकानात गेली. त्यानं सायकल उलटी केली, चाकाला फिरका दिला आणि खडूचा तुकडा रिमजवळ स्थिर धरला. चाक फिरताना खडू एका जागी लागे, एका जागी न लागे. "उभ्या चाकात कळत न्हाई," तो म्हणाला, "फिरवलं की दिसतं." चावीनं त्यानं तारा आवळल्या. पुन्हा फिरवून बघितलं. तारामती उकिडवी बसून, जत्रेत बघावं तसं, आपलं मागचं चाक बघत राहिली.

दोन दिवसांनी तो टोपीवाला माणूस पुढं दिसला तेव्हा तिनं जोरात पायडल मारून त्याला गाठलं आणि म्हणाली, "आता बघा बरं." तो मुद्दाम मागं राहिला, काही अंतर बघत आला आणि समाधानानं म्हणाला, "आता ब्येस." त्याचं नाव संगप्पा. यार्डात मापाडी होता. ती राहत होती त्याच्या मागच्याच गल्लीत त्याचं घर होतं, तिची घरमालकीण मल्लम्मा, तिच्या परसाची भिंत आणि त्याची भिंत एकच. मग रोज गोलाईपर्यंत त्यांची सोबत होऊ लागली. दोघांच्या सायकलींमध्ये एक बैलगाडी जाईल एवढं अंतर तो राखी आणि तेवढ्या अंतरावरून मोठ्यानं बोले. यार्डात दिवाळीपासून माल नव्हता. तरी तो रोज जाई.

"जाऊन करता काय मग?"

"काट्यापाशी बसतो. रिकामा असला तरी पुसावा लागतो की. धूळ बसती."

असंच बोलता बोलता, आठवड्याभरानं, चढ लागल्यावर दोघं सायकली हातात धरून चालत होते तेव्हा तो म्हणाला, "तुमचं बरं हाय बाई. मल्लम्मा आयतं पाणी भरून देऊन राहिली तुमाला. तुमच्या आधी मास्तरीण होती, निलंग्याकडली. तिला रोज आपलं आपण शेंदावं लागायचं. मल्लम्मा म्हणायची, मी काय तुझी मोलकरीण हाय का. आता म्हातारीला तुमची माया लागली." चढ संपला. तो दोन उड्या मारून सायकलवर बसला आणि यार्डाकडं वळला.

तारामती गोलाईपाशी आली. गोलाईला सोळा रस्ते फुटतात. त्यातला एक तिचा. आठ महिन्यांत पाय आपोआप त्या रस्त्याला वळत. त्या दिवशी तो रस्ता आला आणि गेला. ती तशीच फिरत राहिली. कापडाची दुकानं, भांड्यांची दुकानं, तेलाचा वास, पुन्हा कापडाची दुकानं. दुसऱ्या फेरीला एका दुकानदारानं तिच्याकडं मान उंचावून बघितलं. तिच्या मनात एकच गोष्ट फिरत होती. पहिल्या दिवशी मल्लम्मा म्हणाली होती, "तू कचेरीवाली बाई. तुला येळ कुठला. पाणी मी घालीत जाईन. तू आडाकडं येऊच नको, वटा निसरडा हाय." त्या दिवसापासून रोज सकाळी, ती उठायच्या आत, तिच्या उंबऱ्याबाहेर तिची घागर भरलेली असे, वर ताटली झाकलेली. मल्लम्मा साठीची विधवा, देवणीकडची, बोलताना मधूनच कानडी शब्द टाकणारी. तारामती तिला सगळ्या गल्लीसारखं अव्वा, म्हणजे आई, म्हणे. आई गेल्यावर पहिल्यांदाच कुणीतरी आपल्यासाठी पाणी भरून ठेवतं, या विचारानं पहिल्या आठवड्यात ती उंबऱ्यात बसून रडली होती. तसं तिनं बापाला लिहिलंही होतं. बापाचं कार्ड आलं: चांगली माणसं भेटली. जपून राहा. यातलं 'जपून राहा' तिनं तेव्हा सायकलबद्दल समजून घेतलं होतं.

तिसऱ्या फेरीला ती आपल्या रस्त्याला वळली.

त्यानंतरचे काही दिवस तिचा घर ते कचेरी हा रस्ता म्हणजे एक चौकशीच झाली. सकाळी जाताना ती एका बाजूचा पुरावा गोळा करी, संध्याकाळी येताना दुसऱ्या बाजूचा. मल्लम्मानं तिचं आडनाव कधी विचारलं नाही. हे भलेपण, की विचारायची गरजच नव्हती? चहा दिला की मल्लम्मा पेला लगेच आत नेत नसे, तो अंगणातल्या कोनाड्यात उन्हात ठेवलेला दिसे. पण मल्लम्माची सगळीच भांडी उन्हात असत. दिवाळीत ताप आला तेव्हा मल्लम्मा तिच्या उशाशी बसली होती, तिचं कपाळ दाबत होती, कानडीत काहीतरी पुटपुटत होती. तो हात तारामतीला अजून कपाळावर जाणवत होता, खरबरीत, थंड. ज्या हाताला आपलं कपाळ चालतं त्याला आपल्या हातातला दोर कसा चालत नाही? रागवावं असं तिला वाटत होतं, पण रागाच्या आधी हा प्रश्नच पुढं येऊन उभा राही. आणि तिचं स्वतःचं काय? ट्रंकेच्या तळाशी, आईच्या लुगड्यात गुंडाळून, बापानं दिलेला बाबासाहेबांचा फोटो होता. आठ महिने तो तिथंच होता. भिंतीला खिळा नाही, असं ती स्वतःला सांगत आली होती. ती कुणाशी खोटं बोलली नव्हती. फक्त खिळा आणला नव्हता.

पायडल मारताना माणूस कुठंही जाऊ शकतो. औसा रोडला लागल्यावर समोरून वारा आला की तिला बहात्तर साल आठवे. तेव्हा ती बारा वर्षांची. पाझर तलावाच्या कामावर आई दगड वाही, बाप माती खोदी. पण त्याच्याही आधीचं, गावातल्या विहिरीचं तिला जास्त आठवे. आई घागर घेऊन विहिरीपासून लांब, चिंचेखाली उभी राही. कुणी बाई पाणी शेंदायला आली आणि तिच्या मनात आलं तर ती वरून घागरीत पाणी ओती. वरून पडणारं पाणी घागरीच्या तोंडावर फुटे आणि त्याचे तुषार लहानग्या तारामतीच्या तोंडावर उडत. ती खिदळे. आईला म्हणे, अजून वरून ओतायला सांग. एकदा आईनं चापट मारली होती आणि ती का मारली हे कळायला तारामतीला बरीच वर्षं लागली होती. आताही तसंच झालं का? कुणीतरी आठ महिने वरून पाणी ओतत होतं आणि ती खिदळत होती?

कचेरीत ती टंचाई शाखेत होती. ज्या गावात पाणी नाही तिथली खासगी विहीर सरकार ताब्यात घेई, त्याचे आदेश तिच्या टेबलावरून जात. प्रत्येकाबरोबर तलाठ्याचा एक तक्ता येई आणि त्यात एक रकाना होता: सदर विहिरीचे पाणी सर्व समाजांस खुले आहे काय? उत्तर सगळीकडं एकच असे, होय. त्या दिवशी तिनं तो गठ्ठा उलगडून प्रत्येक 'होय' बघितला. काही वळणदार, काही घाईचे, एक तर शिक्क्यासारखा. तिनं अव्वल कारकून शेषेरावांना विचारलं, "भाऊसाहेब, हे कोण तपासतं?"

शेषेराव चष्म्यावरून बघत म्हणाले, "त्यात तपासायचं काय हाय? त्या रकान्यात होयच लिहायचं असतंय."

"पण नसलं तर?"

"न्हाई लिहिलं तर कागद परत येतो. मग पाणीच न्हाई कुणाला." ते जरा थांबले. वाईट माणूस नव्हते. "तुम्ही नवीन हाव," ते म्हणाले आणि पुन्हा आपल्या कागदात शिरले.

त्या संध्याकाळी परतताना तिनं सिद्धेश्वरच्या दुकानाशेजारी दोन खिळे घेतले आणि मिस्त्रीची हातोडी मागून आणली. खोलीत पूर्वेच्या भिंतीवर खिळा ठोकला. भिंत जुनी, मातीची. पहिला खिळा वाकला. ठोकण्याचा आवाज साऱ्या अंगणात जात होता. बाहेर मल्लम्मा तांदूळ निवडत होती. तिची सुपाची फडफड मधेच थांबली, मग पुन्हा सुरू झाली. दुसरा खिळा बसला. तारामतीनं फोटो लावला, पदरानं काच पुसली आणि मुद्दाम दार उघडं ठेवून दिवा लावला. मल्लम्मानं दारातून आत बघितलं की नाही, हे तिला पाठमोरी असल्यानं कळलं नाही. तिला खरं तर वळून बघायचं होतं, पण ती वळली नाही.

सकाळी ती नेहमीपेक्षा तासभर आधी उठली. अंगणातल्या आडावर अजून कुणी नव्हतं. आडाभोवतीचा वटा सगळा दगडी, आणि कोरडा ठणठणीत. दोन महिन्यांत त्यावर पाणी सांडून घालवण्याची चैन कुणी केली नव्हती. तिनं दोर हातात घेतला. तो जाडजूड होता, मध्ये गाठी मारून दोनदा लांबवलेला. बादली आत सोडली. कप्पी करकरली. खाली, फार खाली, बादली पाण्याला लागल्याचा आवाज आला, आणि त्याच वेळी मागं दाराची कडी वाजली.

"सोड तो दोर," मल्लम्मा म्हणाली. "मी भरते की."

"का, अव्वा?"

"वटा निसरडा हाय."

"कोरडा ठाक आहे. बघा."

मल्लम्मा पायरीवर बसली. तिचे केस मोकळे होते, कपाळाला विभूती लावायची राहिली होती. तारामतीनं दोर तसाच ताणून धरला होता. खाली भरलेल्या बादलीचं वजन हातांना कळत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" तारामतीनं विचारलं.

"पहिल्याच दिवशी. तुझी ट्रंक आली अन् मागनं तुझ्या बापाचं पहिलं कार्ड आलं. तू कचेरीत. मला कुठं वाचता येतंय. म्हणलं काही वाईट वंगाळ तर न्हाई, म्हून पोस्टमनकडून वाचून घेतलं. त्यो म्हणला, जय भीम लिवलंय वर."

तारामतीला हसू आल्याशिवाय राहिलं नाही. वाचता न येणाऱ्या घरात आपलं कार्ड सुरक्षित आहे असं ती धरून चालली होती.

"मग खोली सोड म्हणाला नाहीत."

"काहून म्हणू? तू काय वाईट केलं होतंस माझं?" मल्लम्मा आता चिडली. "आड माझा एकलीचा न्हाई. तीन घरं पितात. ती भामाबाई तोंडाची फाटकी. ती म्हणली असती, एक तर ही, न्हाई तर मी. मग मला तुला जा म्हणावं लागलं असतं. म्हणलं आपणच भरावं. तू बी ऱ्हाशील, गल्ली बी ऱ्हाईल." तिनं उजवा खांदा पुढं केला. "आठ महिने भरून राहिले. खांदा गेला माझा. रात्री या कुशीवर निजता येत न्हाई."

हे सगळं खरं आहे, तारामतीला वाटलं. हा खांदा खरा आहे. त्या खांद्यानं आपल्यासाठी रोज घागर उचलली हेही खरं आणि आपल्याला दोरापासून लांब ठेवलं हेही तितकंच खरं. इतके दिवस ती दोहोंतलं एक निवडत बसली होती. तिनं शेवटचं विचारलं, कारण विचारल्याशिवाय तिला राहवेना.

"आणि भामाबाई नसती तर, अव्वा? तुम्हाला स्वतःला चाललं असतं?"

मल्लम्मानं तिच्याकडं बघितलं. खोटं बोलायला तिला वेळ होता, पण ती बोलली नाही. "मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "तशी येळच कधी आली न्हाई."

"मग आज आलीय," तारामती म्हणाली आणि दोर ओढू लागली. नांदेडच्या होस्टेलात नळ होता, गावात विहिरीला हात लावता येत नव्हता. पाणी कसं शेंदायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. दोर तळव्यांतून सरकला, चटका बसला, अर्धी बादली हिंदकळून आतच सांडली. जे आलं ते तिनं आपल्या घागरीत ओतलं. पुन्हा बादली सोडली. दुसरी खेप जरा बरी आली. मग ती म्हणाली, "अव्वा, तुमची घागर आणा."

मल्लम्मा उठली आणि आत गेली. तारामती भरलेली बादली वट्यावर टेकवून उभी राहिली. आत भांडं हलल्याचा आवाज आला, मग काहीच नाही, मग पुन्हा एक भांडं. किती वेळ गेला तिला सांगता आलं नसतं. एवढ्यात समोरच्या घराचं दार उघडून भामाबाई बाहेर आली, कडेवर घागर, आणि तारामतीच्या हातातला दोर बघून जागीच थांबली. त्याच वेळी मल्लम्मा आपली पिण्याची पितळी घागर घेऊन आली. तिनं ती खाली ठेवली नाही. दोन्ही हातांत धरली आणि तोंड पुढं केलं. तारामतीनं ओतलं. बादली घागरीच्या काठाला टेकवूनच ओतलं, थेंब इकडंतिकडं जाऊ दिला नाही. मल्लम्मानं घागर छातीशी आणखी घट्ट धरली. वजनानं की आणखी कशानं, ते तारामतीला त्या वेळीही ठरवता आलं नाही. समोरचं दार धाडकन लागलं.

पुढचे दिवस गल्लीला वाईट गेले. भामाबाई चौकातल्या टँकरवर जाऊ लागली आणि जाता येता अंगणाकडं तोंड करून जे बोलायचं ते बोलू लागली. तिसऱ्या घरची केवळाबाई दोन दिवस आली नाही, तिसऱ्या दिवशी मान खाली घालून आली, दोर घेतला आणि पाणी घेऊन गेली, जणू गावाला गेली होती. मल्लम्मा तारामतीशी दोन दिवस बोलली नाही. पण तिच्या घागरी तारामतीच भरू लागली आणि मल्लम्मानं त्या उचलून आत नेल्या. तळव्यांवर फोड आले. हँडल धरताना ते दुखत, आणि रोज कचेरीपर्यंतच्या रस्त्यात तिला त्या दुखण्याची सोबत वाटे. संगप्पा एकदा ते बैलगाडीएवढं अंतर मोडून जवळ आला आणि हळू म्हणाला, "ऐकलं मी. माझ्या बोलण्यानं झालं का हो ते?"

"हो," ती म्हणाली.

"चांगलं झालं का वंगाळ?"

"अजून कळलं नाही."

तो विचारात पडला. मग म्हणाला, "कळलं की सांगा," आणि यार्डाकडं वळला.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टँकर बंद पडला. त्या सकाळी भामाबाई दोन घागरी आणि खांद्यावर स्वतःचा वेगळा दोर घेऊन आडावर आली. तारामती तिथंच होती, नुकतीच एक खेप काढून झाली होती. भामाबाईनं तिच्याकडं न बघता आपली बादली आपल्या दोराला बांधली आणि आत सोडली. दोर सरकत गेला, सरकत गेला आणि संपला. बादली कडेच्या दगडावर आपटून पोकळ वाजली. भामाबाई वट्यावर ओणवी झाली, हात जेवढा जाईल तेवढा आत घातला. बादली पाण्याच्या वरच, कमीत कमी दोन हातांवर, लोंबकळत राहिली. पाणी महिन्याभरात तेवढं खाली गेलं होतं.

तारामतीच्या हातात गाठी मारलेला लांब दोर होता. घ्या म्हणावं का, हे तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं म्हटलं नाही. तो अभिमान नव्हता. दोर पुरत नाही तेव्हा आडावर उभी असलेली बाई काय करते, हे तिला खरोखर बघायचं होतं. ती बघत राहिली. भामाबाईनं बादली वर ओढली, सोडली, पुन्हा वर ओढली. तिच्या कपाळावर घाम आला होता. मल्लम्मा दारात येऊन उभी होती. लांब डाळमिलचा पहिला भोंगा झाला. भामाबाई त्या मिलमध्ये डाळ निवडायला जाई. दुसऱ्या भोंग्याला फाटक लागे.

तिनं आपला दोर सोडून वट्यावर टाकला आणि वळली.

"बघून काय राहिलीस?" ती तारामतीवर खेकसली. "दे की तो दोर इकडं. तुला काय, टांग टाकली की कचेरीत. मला पायी जायचंय." तारामतीनं दोर पुढं केला. भामाबाईनं तो हिसकावूनच घेतला, बोटांना बोटं लागली, आणि बादली आत गेलीसुद्धा. ओढता ओढता, दम लागलेल्या आवाजात, ती पुढं म्हणाली, "अन् उद्यापासनं जरा लवकर उठत जा. तुझ्या दोन घागरी, म्हातारीच्या दोन. आम्ही किती येळ ताटकळायचं?"

लातूरला आल्यापासून तिच्यावर असं, शेजारणीवर खेकसावं तसं, कुणी खेकसलं नव्हतं. तारामतीनं आपली घागर कमरेवर घेतली, भामाबाईला वाट करून दिली आणि म्हणाली, "उठते."